चपला आत घ्या

टीआयने मला खुर्ची दिली. बाबांना दिली नाही.

टीआय म्हणजे ठाण्याचा मुख्य अधिकारी. भोपाळमध्ये सगळे असंच म्हणतात. त्याच्या टेबलासमोर एकच खुर्ची होती. "मैडम, आप बैठिए," तो मला म्हणाला. मग बाबांकडे न बघता म्हणाला, "तू उधर खड़ा रह."

बाबा भिंतीपाशी सरकले. हातात हेल्मेट. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. ठाण्यात जायचं म्हणून आईने सकाळीच केली होती इस्त्री.

मी बसले नाही. पण बोललेही नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले. मला लोकांसमोर बोलता येत नाही. इंग्रजी शाळेत शिकले, निबंधांना बक्षिसं मिळाली, पण वर्गात हात वर केला नाही कधी.

टेबलावर बाबांचाच अर्ज होता. टीआयने त्यावर बोट ठेवलं.

"परमिशन माँगी है. मतलब तुझे भी मालूम था कि गड़बड़ होगी."

"सर, गड़बड़ न हो, इसलिए माँगी," बाबा म्हणाले.

"वही तो." टीआय हसला. दारातला हवालदारही हसला.

बाबांना कळलंच नाही त्यांचं काय चुकलं. मला कळलं. म्हणून लिहिते आहे.

आम्ही मूळचे नागपूरचे. बाबा कारखान्याच्या नोकरीसाठी इथं आले, मी इथंच जन्मले. रायसेन रोडवर आनंद नगरात आमचा फ्लॅट. दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये वंदना होते. कारखान्यातली आमच्याकडची चार-पाच घरं येतात. सतरंजी, मेणबत्ती, उदबत्ती, भिंतीवर बुद्धाचा आणि निळ्या कोटातला असे दोन फोटो. त्रिसरण, पंचशील, मग ग्रंथातलं एखादं प्रकरण वाचायचं, मग पोहे. माइक नाही, स्पीकर नाही, टाळ्यासुद्धा नाहीत.

तरी आधी खिडक्या बंद व्हायच्या. बाल्कनीचं दार लागायचं. पंखा पाचवर, म्हणजे आवाज त्यात बुडेल. लोकांनी एकदम यायचं नाही, थांबून थांबून यायचं. आणि आई दारात उभी राहून प्रत्येकाला हळूच म्हणायची, "चपला आत घ्या." दाराबाहेर चपला दिसल्या की लोक मोजतात. आमच्याकडे शू-रॅक बेडरूममध्ये आहे, पलंगाखाली.

लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

नवरात्रात आमच्या बाल्कनीखाली जगराता होतो, रात्रभर देवीची भजनं. स्पीकर एवढे की शोकेसमधली भांडी वाजतात. माझ्या परीक्षा असायच्या. बाबा म्हणायचे, कानात कापूस घाल. तेव्हा कुणाची शांतता भंगली, असं मी ऐकलेलं नाही.

या वर्षी वैशाख पौर्णिमेला बाबांनी जरा जास्त माणसं बोलावली होती. इंद्रपुरीतली काही घरं येणार होती. त्याच आठवड्यात पेपरात छोटी बातमी आली. शहरात मनाईचा आदेश, सभा-मिरवणुकांना परवानगी लागेल. तो आदेश रस्त्यांसाठी होता, मैदानांसाठी होता. घरात बसून वंदना म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. मी बाबांना तसं सांगितलं. जरा हळूच सांगितलं असेल.

बाबा म्हणाले, "परमिट घेतल्याशिवाय हात लावायचा नाही."

हे बाबांचं वाक्य मी जन्मभर ऐकलंय. बाबा मोठ्या विजेच्या यंत्रांवर काम करतात. तिथं नियम आहे. यंत्राला हात लावायच्या आधी परमिट घ्यायचं. परमिट देणारा वीज तोडतो, स्विचला कुलूप लावतो, किल्ली तुझ्या हातात देतो. तुझं काम संपेपर्यंत कुणी वीज सोडू शकत नाही. आमच्या घरात गीझर दुरुस्त करायचा असला तरी बाबा मेन स्विचवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहायचे, काम चालू आहे. बाबांबरोबर नोकरीला लागलेला एक जण परमिट न घेता आत गेला होता. त्याची गोष्ट ते सांगत नाहीत.

म्हणून बाबा ठाण्यात गेले. स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या हिंदीत अर्ज लिहून. कोण येणार, किती वाजता येणार, कुठून येणार. सगळं लिहिलं. परमिटमध्ये सगळं लिहायचं असतं. काही लपवायचं नसतं.

कारखान्यात परमिट म्हणजे तुझ्या जिवाची हमी. इथं बाबांचा अर्ज म्हणजे आमचा नुसता पत्ता निघाला.

ठाण्यातून सोसायटीच्या अध्यक्षांना फोन गेला. तुमच्याकडे असं असं होणार आहे, तुमची हरकत आहे का. अध्यक्ष म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. बाबांच्याच कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मराठी. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी पुढच्या रांगेत. सातवीत असताना मी तिथं भाषण पाठ करून म्हटलं होतं. काकांनीच बक्षीस दिलं आणि माझ्या गालाला हात लावून आईला म्हणाले, "किती स्वच्छ बोलते हो. वाटतच नाही."

मी ते बक्षीस उशाशी घेऊन झोपले होते. काय वाटत नाही, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. आई त्या दिवशी जेवली नव्हती.

या काकांनी ठाण्यात लिहून दिलं. बाहेरचे लोक जमतात. वातावरण बिघडतं. रहिवाशांत भीती आहे.

एवढ्या वर्षांत त्यांनी आमच्याकडचे पोहे खाल्ले नसतील, पण वास नक्की घेतला असेल. भीती मात्र अर्ज गेल्यावरच वाटली.

मग बाबांना ठाण्यात बोलावलं, मी सोबत गेले; तो खुर्चीचा दिवस. तिथून परत आलो आणि सगळं हळूहळू घट्ट व्हायला लागलं. पौर्णिमेला कुणी आलं नाही. बाबांनीच सगळ्यांना फोन करून नको म्हणून सांगितलं. आम्ही तिघांनी मनातल्या मनात वंदना म्हटली. ओठसुद्धा हलवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बीटचा, म्हणजे आमच्या भागात गस्त घालणारा शिपाई आला. त्याने आमच्या दाराचा फोटो काढला, नावाच्या पाटीचा फोटो काढला. आईला विचारलं, "इतवार को कित्ते लोग आ रिये हैं?" आई म्हणाली, कोई नहीं. त्याने तिच्या खांद्यावरून आत बघितलं. त्याने पाहिलं ते भिंतीवरच्या फोटोंकडे.

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी हात जोडलेली चित्रं यायला लागली. सुख-शांति बनाए रखें. नाव कुणाचं नाही. मी लिफ्टमध्ये शिरले की बोलणं थांबायचं, सगळे वरच्या आकड्यांकडे बघायचे. खाली चौकीदार आमच्याकडे येणाऱ्याला पूरा नाम विचारायला लागला. फक्त आमच्याकडे येणाऱ्याला. माझ्या मैत्रिणीने घाबरून नुसतं पहिलं नाव सांगितलं, तर म्हणाला, "आगे?"

मग नोटीस आली. बाबांच्या नावाने. तुमच्याकडून सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे. वर्षभर शांतता राखण्याचं बंधपत्र तुमच्याकडून का घेऊ नये, याचं कारण दाखवा. पोलिसांच्याच एका मोठ्या अधिकाऱ्यासमोर हजर व्हा.

बाबांनी ती नोटीस तीनदा वाचली आणि चष्मा पुसला. आयुष्यात त्यांनी कुणाला मोठ्याने हाकसुद्धा मारली नव्हती.

त्या संध्याकाळी काका घरी आले. बूट घालूनच आत आले. सोफ्यावर बसले. पहिल्यांदाच बसले. बाबा उभे. "साहेब, चहा?" बाबांनी विचारलं. काकांनी हात हलवला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ही औपचारिकता असते. सही करायची, वर्षभर तो रविवारचा कार्यक्रम बंद ठेवायचा, विषय संपला. मुलीचं लग्न व्हायचंय, तिची नोकरी लागायचीय, उद्या कुणी चौकशी केली तर? ते माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले की तू तर समजूतदार आहेस. मग उठता उठता मराठीत म्हणाले, "अरे, एका सहीचा प्रश्न. तुमच्या लोकांचं ना, प्रत्येक गोष्टीचं आंदोलन होतं."

ते गेल्यावर आईने फरशी पुसली. बुटांचे ठसे नव्हते. तरी पुसली.

रात्रभर नाही, पण बराच वेळ मी ती नोटीस वाचत बसले. इंग्रजी शाळेचा एक फायदा. शब्द घाबरवत नाहीत. तिच्यात हुकूम नव्हता. प्रश्न होता. कारण दाखवा, असं लिहिलं होतं. म्हणजे कारण दाखवता येतं. नाही म्हणता येतं. चौकशी करा, साक्षी आणा, आमच्या घरातून कुणाची शांतता कशी भंगली ते सिद्ध करा, असं म्हणता येतं. हे ठाण्यात कुणी सांगितलं नाही. काकांनीही नाही. सगळे सही करायचीच असते असं सांगत होते.

मी बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, "बघू." तरी मी उत्तर लिहून पिशवीत ठेवलं.

तारखेला त्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेलो. बाहेर बाकावर आमच्यासारखेच लोक. एक भाजीवाला, दोन भाऊ, एक म्हातारी. नाव पुकारलं की आत जायचं, रीडर, म्हणजे साहेबांचा कारकून, कागद पुढे करायचा, कुठं सही करायची तिथं पेनने फुली मारायचा. माणूस सही करायचा. बाहेर यायचा. कुणी कागद वाचत नव्हतं. कारकून साहेबापुढे कागद ठेवत होता आणि वर्ष वर्ष गप्प राहणारी माणसं बाहेर पडत होती.

आमचं नाव आलं. रीडरने फुली मारली. बाबांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. बाबा नेहमी स्वतःचंच पेन वापरतात.

पेनचं टोपण निघालं. तेवढ्यात मला टीआयची खुर्ची आठवली. तिच्या पाठीवरचा माझा हात आठवला.

"बाबा, पेन ठेवा," मी म्हणाले.

रीडरने वर बघितलं. साहेबांनीही.

"हम साइन नहीं करेंगे. जवाब देंगे. लिख के लाए हैं."

साहेब म्हणाले, "आवाज़ नीचे."

माझा आवाज पंख्याखालीसुद्धा धड ऐकू येत नव्हता. तो खाली आणायला जागाच नव्हती.

"सर, मेरी आवाज़ इतनी ही है."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, बाबा सॉरी म्हणतील. त्यांचा स्वभाव तो. बाबांनी टोपण लावलं. पेन खिशाला अडकवलं. आणि दोन पावलं पुढे येऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

साहेबांनी आमचं उत्तर घेतलं, न वाचता बाजूला ठेवलं. पुढची तारीख दिली. मग पहिल्यांदा बाबांकडे सरळ बघून सांगितलं, तारीख येईपर्यंत घरात जमाव दिसला तर नोटीस नाही येणार, गाडी येईल. आवाज अगदी शांत. शांतता राखण्याचं खातं त्यांच्याकडेच होतं.

परत येताना बाबा गाडी फार हळू चालवत होते. रायसेन रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा मागे न बघता त्यांनी विचारलं, "रविवारी किती जण येतील?"

मी म्हणाले, माहीत नाही. कदाचित कुणीच नाही.

"फोन कर सगळ्यांना. काय होऊ शकतं, ते आधी सांग. मगच बोलव."

हे आता बाबांचं नवं परमिट.

मी फोन केले. मला फोनवर बोलायचीही भीती वाटते. एकेकाला सांगितलं, गाडी येऊ शकते. काही जणांनी नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला. काहींनी विचार करतो म्हटलं. इंद्रपुरीच्या एका मावशींनी विचारलं, पोहे कोण करणार?

तारखेच्या आधी रविवार येतो. काल काका जिन्यात भेटले. नमस्कार केला नाही, फक्त म्हणाले, विचार करा. खाली चौकीदाराजवळ बीटचा तोच शिपाई बसला होता. आमच्या बाल्कनीकडे बघत होता.

आईने काल पलंगाखालून शू-रॅक ओढून काढला. धूळ पुसली. दाराबाहेर, जिन्याच्या कठड्याला लागून ठेवला. खिडक्यांना हात लावायचा नाही, एवढंच ती म्हणाली.

रविवारी जेवढे येतील तेवढे येतील. चपला बाहेर राहतील. ज्याला मोजायच्या त्याने मोजाव्यात.