न चाखणारे चाचा

पाचशे पानांचा मटणाचा रस्सा करणारा आचारी स्वतःच्या रश्शाचा थेंबही जिभेला लावत नाही, हे सांगून कुणाला पटत नसे. चाचा लावत नसत. डेगेचं झाकण सरकवायचे, वाफेवर तोंड धरायचे आणि डोळे मिटून गप्प उभे राहायचे. तोंडाला पाणी सुटलं की म्हणायचे, "झालं. उतरा खाली." नाही सुटलं तर आणखी मूठभर मीठ किंवा वाटण पडायचं. मंगळवार पेठेत आमचं भाड्याच्या भांड्यांचं दुकान आहे. वडिलांच्या काळापासून चाचा डेगा आमच्याकडूनच न्यायचे, म्हणून त्यांचा हा प्रकार मी लहानपणापासून पाहत आले.

"एकदा चाखून बघा की," मी म्हणायची.

"जीभ लाचार असती, पोरी. धा वेळा चाखलं की कशालाबी चांगलं म्हणती. तोंडाचं पाणी खोटं बोलत न्हाय."

पंगत बसायच्या आधी वाऱ्याची दिशा बघून ते एका डेगेचं झाकण मुद्दाम उघडं ठेवत. मांडवभर वास सुटायचा, पोरंटोरं चुळबुळायची, यजमान घाई करायचे. चाचा ढिम्म. "पोटाला आधी सांगावा जाऊ दे. न सांगता पावणं आलं तर तुमच्या घरात तरी चूल पेटलेली असती व्हय?" चिडून आलेल्या माणसाला ते वाढत नसत. आधी पाण्याचा तांब्या देऊन त्याला बाजूला बसवत. एकदा नवरदेवाच्या मामालाच असं बसवलं, तेव्हा लग्न मोडतं की काय असं मला वाटलं होतं.

दुसऱ्याच्या पोटाचं एवढं कळणारा हा माणूस स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र अगदी अडाणी. चुलीची धग, दिवसाला वीस कप चहा, जेवणाला वेळ नाही. छातीत जळजळायला लागलं तसं मेडिकलवाल्याकडून पित्ताची गोळी आणली आणि ती रोज सकाळी चहाआधी, न चुकता, सहा-सात वर्षं खाल्ली. डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. मग कुठल्याशा लग्नात कुणीतरी सांगितलं, या गोळ्यांनी किडनी जाते. चाचांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट तिथल्या तिथे चुलीत टाकलं. असा हा गडी.

पुढच्या महिन्यात कागलला लग्न होतं. भांडी आमची, म्हणून मीही गेले होते. पंगत बसली, पहिला घास गेला. मग एक म्हातारबा ओरडले, "ओ पावणं, मीठ घरी इसरून आला काय?" रश्शात मीठ नावालाच होतं. ताटाताटांतून मीठ फिरवलं. चाचा डेगेपाशी खाली मान घालून उभे होते. चाळीस वर्षांत त्यांना मी असं पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

परत येताना टेम्पोत ते हळूच म्हणाले, "तोंडाला पाणी सारखंच येतंय, पोरी. आंबट. रश्शाचं कुठलं नि दुखण्याचं कुठलं, कळंचना झालंय. मला वाटलं, झाला रस्सा." थोड्या वेळानं म्हणाले, "माझा भाऊ असाच गेला. जळजळ, आंबट पाणी, मग जेवाण तुटलं. पोटात गाठ हुती. आम्ही सोडा पाजत बसलो. मलाबी तेच झालंय. बघायला जायाचं न्हाय मला."

दोन दिवसांनी डेगा राखेनं घासून लख्ख करून आणून दिल्या. "आता दुसऱ्याला दे," म्हणाले. गालफडं बसली होती. मी इतकी भडकले की आख्ख्या गल्लीनं ऐकलं. तोडून बोलले, मग रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उपाशीपोटी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

पोटात दुर्बीण घालून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "गाठ नाही. अल्सर नाही. थोडी सूज आहे, ती जाईल." चाचांना पटेना. मग जळतंय कशानं? बाई म्हणाल्या, "पोट आपलं आपण ॲसिड करतं आणि पुरेसं झालं की आपणच थांबवतं. तुम्ही गोळीनं ॲसिड दाबून ठेवलंत. पोटाला वाटलं, कमी पडतंय. म्हणून ते आतली तयारी वाढवत गेलं. गोळी एकदम सोडलीत, आणि ती सगळी तयारी एका दमात कामाला लागली."

चाचांनी बोटांवर हिशोब केला. "म्हंजे दोनशे पानांच्या लग्नाला हजार पानांच्या चुली पेटल्या म्हणा की!"

"अगदी तसंच. आता त्या एकेक करून विझवू. किडनीचं मी बघते; गोळी परत सुरू करायची आणि मी सांगेन तशी हळूहळू कमी करायची."

नुसत्या वासानंच पोटात रस सुटायला लागतात, हेही बाईंनी सांगितलं. तेव्हा चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनीच बाईंना शिकवून पास केलं होतं.

पुढे सात-आठ वर्षं त्यांनी लग्नं केली. मग गुडघे थकले आणि ते मलकापूरला लेकीकडे राहायला गेले. त्या वर्षांत आचाऱ्यांपैकी कुणी खिशातून पित्ताची गोळी काढताना दिसला की ते त्याला दंडाला धरून त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेत. "भावाच्या पोटात कुणी बघितलंच न्हाय," एवढंच म्हणत.

पण चाचा म्हटलं की मला दुर्बीण घातली त्या दुपारचे आठवतात. घशात बधिर करायचं औषध मारलेलं, म्हणून नर्सनं तासभर काही खायचं नाही असं बजावलं होतं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. त्यांनी चाचींना फोन लावला. मला वाटलं, गाठ नाही हे आधी सांगतील.

"ऐकलं का," ते म्हणाले, "भूक लागलीया."

महिनाभर त्या घरात हा शब्द कुणी ऐकला नव्हता. पलीकडून चाचींचा हुंदका मला बाकावर ऐकू आला.