सुरूच्या दोन रोपांमधले अंतर

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका रविवारी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचे लोक शीळफाट्याजवळच्या टेकडीवर सुरूच्या चाळीस रोपांपैकी वीस काढायला गेले आणि एकही न काढता परतले. आज आवारात गवत कापले, त्या वासाने तो दिवस आठवला. रोपे आम्हीच लावली होती, प्रत्येक घराने आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाची. सगळ्यांना रस्त्याकडची जागा हवी होती, म्हणून दोन रोपांत हातभरच अंतर राहिले. दोन वर्षांनीही ती कमरेइतक्या गवतात काडीसारखी उभी होती. जमिनीचे मालक, तिथलेच म्हातारे शेतकरी, म्हणाले, “एक सोरून एक कारा, नि गवत उपटा. नायतं सगलीच जातील.” मुळे गुंतली होती, त्यामुळे काढलेले रोप दुसरीकडे जगणार नव्हते. गवत आम्ही तासाभरात उपटले. कुदळ मात्र कोणी हातात घेईना. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, “हे माझ्या आईचं आहे. तुमचं काढा की.” “काकू, ते माझ्या वडिलांचं आहे.” “मग काय, माझी आई स्वस्तातली?” मी चिठ्ठ्या टाकायचे सुचवले, तर सेक्रेटरी चिडले. “अहो, गेलेल्या माणसांच्या चिठ्ठ्या काय टाकताय?” दुपारी दीडला सगळे खाली उतरले. पुढच्या पावसात गवत पुन्हा वाढले. गेल्या महिन्यात मी तिथे गेलो, तेव्हा अकरा झाडे जिवंत होती. काकूंच्या आईचे आणि माझ्या वडिलांचे, दोन्ही वाळली होती.