जुईजेचा बोकड आणि अस्ताची गाय

जुईजे आमची शेजारीण. तिच्या वाडग्यात शेळ्या, मेंढ्या, डुकरीण, कोंबड्या सगळ्या एकत्र नांदायच्या, आणि सगळ्यांवर राज्य एका बोकडाचं. उंची गुडघ्याएवढी, पोट ढोलकीसारखं. पण शिंगं अशी की डुकरीणसुद्धा वाट सोडायची.

मका पेरला की आमच्याकडे शेळ्यांच्या गळ्यात तीन काठ्यांचं तिकोनी लोढणं घालतात, म्हणजे कुंपणाच्या फटीतून त्या शेतात शिरत नाहीत. गोठ्यात घेताना ते दारातच काढायचं असतं.

त्या वर्षी जुईजेच्या गोठ्यात एक गाभण गाय आली. वरच्या टेकडीवरच्या म्बोरोरो गुराख्यांची. आदल्या वर्षी त्यांच्या गुरांनी जुईजेचा मका तुडवला होता. कोयते निघायचेच बाकी होते. भांडण मिटल्याची खूण म्हणून त्यांची सून अस्ता गाय घेऊन आली. पहिलं वासरू जुईजेचं, मग गाय परत. गायीला काही झालं तर भांडणही परत येणार, हे दोन्ही घरं जाणून होती.

जुईजे मात्र गायीला टरकायची. चारासुद्धा काठीनं पुढे ढकलायची.

एका दुपारी वादळ उठलं. तिनं घाईघाईनं सगळ्यांना आत कोंडलं, आणि बोकडाचं लोढणं काढायचं राहून गेलं.

थोड्याच वेळात तिची किंकाळी ऐकून मी धावले. बोकड गायीच्या पोटाखाली शिरला होता. लोढण्याची एक काठी गायीच्या दाव्यात अडकली होती. तो सुटायला मान वर हिसडायचा, शिंगं गायीच्या कासेला लागायची, गाय पाय आपटायची, की तो आणखी बिथरायचा. मी उंबऱ्यातच थांबले.

"तू आत येऊ नकोस," जुईजे म्हणाली. तिचे दात वाजत होते. "अस्ताला हाक मार. दोघी मेलो तर सांगणार कोण?"

मी टेकडीकडे तोंड करून बोंब ठोकली. वळून बघते तर ही बाई पोटावर सरपटत गायीखाली गेलेली. दोन्ही शिंगं मुठीत धरून तिनं बोकडाचं डोकं गवतात दाबलं होतं. तिच्या कानाशीच गायीचा खूर आदळत होता.

अस्ता धापा टाकत आली. जिभेनं टक् टक् आवाज करत गायीच्या मानेला चिकटून उभी राहिली, मग कमरेची सुरी काढून खाली वाकली.

"मा, डोळे उघड," ती जुईजेला म्हणाली.

"उघडले तर तिचे पाय दिसतात गं!"

"नाही उघडलेस तर सुरी कुठं चालवू ते कोण सांगणार? तुझी बोटं कापीन."

जुईजेनं डोळे उघडले आणि जागा सांगितली. अस्तानं लोढण्याच्या काठीची दोरी कापली आणि बोकड काही घडलंच नाही अशा तोऱ्यात बाहेर गेला.

कासेवर रक्ताचा ओरखडा होता. अस्ता बराच वेळ वाकून बघत राहिली. जुईजेचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आता तुझ्या माणसांना काय सांगशील?" तिनं विचारलं.

अस्तानं तिचा हात ओढून गायीच्या पोटावर ठेवला. जुईजेनं तो काढून घ्यायला पाहिलं. अस्तानं सोडला नाही.

मग जुईजे एकदम दचकली.

"लाथ मारली मला!"

"मारणारच," अस्ता म्हणाली. "तुझंच आहे ना ते."