त्याच वचनापाशी

आईला वाचता येत नव्हतं, आणि शास्त्र वाचून घ्यायची तिची रीत माझा जीव खायची. मी बायबल वाचायचे, ती धान्य निवडत ऐकायची आणि मध्येच हात वर करायची. मग तिथेच थांबायचं. ते वचन आमच्या हातून घडेपर्यंत पुढची ओळ वाचायची नाही. आजाऱ्याला भेटायचं वचन आलं, तेव्हा तिने मला वस्तीच्या टोकाला, क्षयाने खंगलेल्या म्हाताऱ्याच्या खोपटात भाकरी घेऊन धाडलं. परत आल्यावरच पान उलटलं.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून आमचं वाचन ऊन कलतानाच व्हायचं. वडील पलटणीत गेलेले, घरात आम्ही दोघीच. गाव खर्ड्याच्या बाजूचं, कोरडं ठणठणीत. मी चौदा वर्षांची होते आणि मिशनच्या शाळेत अख्खे अध्याय घडाघडा म्हणायचे. महिन्यातून एकदा उपासना घ्यायला सायकलवर येणारे पाळकसाहेब सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटायचे. आई मात्र म्हणायची, "पाठ तर पोपटबी करतो." मला तिचा संताप यायचा. तो मी आजही पुरता गिळलेला नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही अडकलो ते वैऱ्याच्या वचनापाशी. वैरी तहानेला असेल तर त्याला पाणी पाज, असं सांगणारं वचन. आईने हात वर केला. मी म्हटलं, आपल्या दारी पाणी मागायला कोण मरायला येतंय? खरंच कोण येणार होतं? गावाच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नसत. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, नावं बदलली, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तेच राहिलो. लांब घागरी मांडून उभं राहायचं, आणि कुणाला दया आलीच तर वरून ओतलेलं पाणी घ्यायचं. आमच्या माणसांनी वस्तीत स्वतःची विहीर खणली, ती त्या उन्हाळ्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी.

त्याआधी एकदा मी तापाने फणफणले होते. आई सकाळीच घागर घेऊन गेली, ती दुपार झाली तरी तिथे उभीच. शेवटी एका मोठ्या घरच्या बाईने पाणी घातलं. थोरली बाई म्हणायचो आम्ही तिला. कंबरेएवढ्या उंचीवरून, तोंड दुसरीकडे करून, शेजारणीशी बोलत घातलं. निम्मं मातीत गेलं. उरलेलं आईने मला पाजलं, माझ्या कपाळावर घातलं आणि स्वतः कोरडे ओठ चाटत बसली. हे मी विसरावं असं ज्याला वाटतं, त्याने आधी त्या उन्हात उभं राहून दाखवावं. पाळकसाहेब सोसण्यावर छान उपदेश करायचे. त्यांच्या घरी पाणी भरायला गडी होता.

दीड महिना आम्ही त्याच वचनावर. पाठांतराचं बक्षीस दुसऱ्या मुलीला गेलं, कारण माझा अध्याय पुरा झाला नव्हता. घरी येऊन मी आईला नाही नाही ते बोलले. तू अडाणी, तुला शास्त्रातलं काय कळतं, इथपर्यंत गेले. तिने ऐकून घेतलं.

"म्होरचं वाचून काय करशील?" ती म्हणाली. "हेच अजून व्हायचं हाय."

मग गावाची विहीर आटली. आमची खडकातली होती, ती तग धरून राहिली. गावातली माणसं दोन कोसांवर नदीच्या पात्रात झिरे उकरत होती, पण आमचं पाणी त्यांना चालत नव्हतं. आणि एका दुपारी, सगळी वस्ती सावलीला आत पडलेली असताना, थोरली बाई आली. एकटी, मागच्या वाटेने, डोक्यावर घागर. सून बाळंत झालीय, घरात थेंब नाही, एवढंच तिने सांगितलं. विहिरीपासून चार हात लांब तिने घागर ठेवली आणि उभी राहिली. विटाळ म्हणून की लाजेने, मला ठाऊक नाही.

आम्ही दोघी पाणी शेंदत होतो. आईने भरलेला पोहरा वर ओढला आणि माझ्या हातात दिला. "तू घाल," म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने स्वतः घातलं असतं, तर मला नामानिराळं राहता आलं असतं. हे तिला पक्कं माहीत होतं. मी घागरीपाशी गेले, पोहरा कंबरेएवढा उंच धरला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि ओतलं. पाणी काठावर आपटून थोरल्या बाईच्या पायांवर उडालं. निम्मं मातीत गेलं. तिने पदराने तोंड पुसलं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला प्रार्थनेतही कधी वाटलं नव्हतं.

आईने पोहरा काढून घेतला. पुन्हा भरला, खाली बसली आणि घागरीच्या तोंडाला टेकवून सावकाश ओतला. घागर भरेपर्यंत तेच केलं. मग घागरीला हात लावून तिने ती थोरल्या बाईच्या डोक्यावर चढवली, आणि थोरल्या बाईने लावू दिला.

ऊन कललं, तेव्हा मी पुस्तक उघडून पान उलटायला लागले. वचन एकदाचं झालं होतं. आईने हात वर केला.

"माजं झालं," ती म्हणाली. "तुजं ऱ्हायलंय. तेच वाच."

मी पुस्तक मिटून उठले. त्या जूनमध्ये नगरच्या बोर्डिंगात गेले, पुढे शिक्षिका झाले, शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कितीदा वाचलं. थोरली बाई वर्षभरातच गेली. नंतर आईही गेली. राग गेला नाही. गावाने आमच्यावर अन्याय केला, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर म्हणेन. पण मी मातीत घातलेलं ते पाणी गावाचं नव्हतं, एका बाळंतिणीचं होतं. आता चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, बाई शास्त्रात फार पुढे गेल्या. पण आईच्या रीतीने पाहिलं, तर मी अजून त्याच वचनापाशी आहे.