जामसांवलीला नेलेलं विंडशील्ड

ग्रुपवाल्यांनो, मला बाईकला छातीपर्यंतचं बुटकं विंडशील्ड पाहिजे होतं. "उंचच घे, वारा डोक्यावरून जाते," असं तुम्ही म्हटलं, म्हणून डोळ्यांच्याही वर जाणारं लावलं.

आज सकाळी मामांना मागं बसवून गाडी जामसांवलीच्या मारुतीला पूजेला नेली. मामांनी तेलातल्या शेंदुरानं विंडशील्डच्या बरोबर मधोमध स्वस्तिक काढलं. "समोरच काढतो, दिसलं पाहिजे," म्हणे.

निघताना पुसलं तर शेंदूर नुसता पसरला. मग मी पेट्रोलनं घासलं. प्लास्टिकच ते, पार पांढरं पडलं. बुटकं असतं तर वरून तरी रस्ता दिसला असता.

फोटो टाकला. उंच घ्यायला सांगणारे भाऊ लिहून राहिले, "म्हणून तर मी लावतच नाही."

पांढुर्ण्यापर्यंत मान बाहेर काढून, सगळा वारा तोंडावर घेत आलो. आता खरं सांगा, तुमच्यापैकी कोणाच्या गाडीला विंडशील्ड आहे?