मिस्त्रीजींना ऐकू येत नव्हतं

मंडळी, आज सकाळी माझ्यामुळे एका माणसाची नोकरी गेली.

मी सांगानेरच्या एका कापड कारखान्यात गाड्यांचं काम बघते. थंडी वाढल्यापासून आमचा ट्रक पांढरा धूर सोडत होता, इंजिन अडखळत होतं. गॅरेजमधले म्हातारे मिस्त्रीजी दोनदा म्हणाले होते, "आवाज तो ठीक है, मॅडमजी."

आज मी गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर ओरडले, "बहरे हो गए हो क्या?" सगळे हसले.

मिस्त्रीजी इंजिनाकडे वळले. इंजिन चालू करून, नळ्या फार तापायच्या आत त्यांनी प्रत्येक सिलेंडरच्या धुराच्या नळीला बोट लावून पाहिलं. तिसरी थंड होती, म्हणजे त्या सिलेंडरमध्ये डिझेल नीट जळत नव्हतं. तिथला डिझेल फवारणारा इंजेक्टर त्यांनी बदलला आणि इंजिन एकसारखं चालू लागलं.

पण माझ्या बोलण्याने गॅरेजमालकाला शंका आली होती. त्याने मिस्त्रीजींच्या पाठीमागे उभं राहून दोन हाका मारल्या. ते वळले नाहीत. मग तो समोर येऊन म्हणाला, "कल से मत आना."

ते त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यांना कळलं.

मी चावी घेतली आणि निघून आले. उद्या जाऊन मालकाशी बोलले, तर काही उपयोग होईल का?