सिहोऱ्याच्या बोडीतले काळे मणी

मावशीचा फोन आला तेव्हा मी नागपुरातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या पुसत होते. तिचे दीर शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं, बुजवून तिथे धान लावायचं म्हणत होते. मावशीचे वारलेले यजमान, माझे काका, मात्र जन्मभर सांगत आले की तो गोल खड्डा आभाळातून पडलेल्या दगडाने झालाय. मावशीला खरंखोटं जाणून घ्यायचं होतं.

शनिवारी पहाटेच निघाले. भंडाऱ्याआधीच्या शहापूरपर्यंत महामार्ग झकास. भंडाऱ्याला उतरून तर्री-पोहे खाल्ले, तिथून तुमसर आणि पुढे सिहोऱ्याची एसटी. गाडी बदलण्यात बराच वेळ जातो, तेव्हा जाणाऱ्यांनी लवकर निघावं.

धान कापून झालं होतं, बांध्या, धानाचे ते बांधलेले तुकडे, मोकळ्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक बोडीच्या पाळीवर, काठच्या मातीच्या बांधावर, फिरवलं. चिकटलेली धूळ धुऊन, वाळवून ओसरीवर, कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. केसाहून बारीक, काळेभोर, चकचकीत, अगदी गोल मणी! मी हरखलेच.

पण मग गोंधळ सुरू झाला. दगड आदळताना वितळलेले थेंब हवेत गोल होऊन थिजतात. वेल्डिंगच्या ठिणग्याही तशाच. नुसतं पाहून फरक सांगणं कठीण. जुने असतील तर खोलवरही सापडतील, म्हणून दुसऱ्या दिवशी गुडघाभर खणलं. दोनच मणी मिळाले. तेही वरून घरंगळले नसतील कशावरून?

जेवताना, भात आणि लाखोळीच्या डाळीवर, मी सहज विचारलं, बोडीजवळ कोणी वेल्डिंग करायचं का?

मावशीचा हात थांबला. "तुये काकाच तं करत होते. पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून वायर आणून, पाळीवर बसून. साऱ्या गावचे नांगर."

मग मला सांगावंच लागलं, की वरचे मणी बहुतेक त्यांच्या हातचे. खड्ड्याचं काहीच सांगता येत नाही.

"मंग ते खोटं बोलले का?"

"माहीत नाही, मावशी."

दीर खाली मान घालून जेवत होते. मावशीने उठून, मी वरचे मणी भरून ठेवलेली बाटली हातात घेतली. "त्याइच्या हातचे असतीन तं हे माह्यापाशीच राहू दे," म्हणाली.

परतून महिना झाला. बोडी अजून बुजवलेली नाही. काहून, ते दीर सांगत नाहीत, मावशी विचारत नाही. खोलवरचे दोन मणी माझ्याकडे आहेत. कॉलेजातले सर म्हणाले, आभाळातल्या दगडात बहुधा निकेल असतं, ते आहे का तपासावं लागेल, ती सोय आपल्याकडे नाही, बाहेर पाठव. पाकीट तयार आहे, पत्ताही लिहून झालाय. पण ते मणी आभाळातले निघावेत की काकांचे, हेच मला ठरवता येत नाही.